विमानतळावरचे नऊ तास आणि एका शेळीचे पैसे

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

इंग्लंडहून परत आल्यावर गटाच्या पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी मला घेरलं. थंडी किती होती, भाकरी मिळत होती का, नात कोणाच्या तोंडावळ्याची, सगळं विचारून झालं. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की येताना दोह्याच्या विमानतळावर आम्ही लाउंजमध्ये बसायला १५,७५० रुपये मोजले. क्षणभर कोणी बोललंच नाही. मग आमच्यातली एक अक्का म्हणाली, "नुसतं बसायला? अगं, तेवढ्यात गाभण शेळी दारात आली असती!" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण अक्काचं काही चुकलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं. म्हटलंच होतं. म्हणून आज त्या पैशांचा हिशोब तुमच्यासमोर मांडते. तुम्हीच तपासा.

आधी हे लाउंज म्हणजे काय ते सांगते. आपण गावातून पुण्याला जाताना मध्ये एसटी बदलतो. एक गाडी सोडायची, दुसरीची वाट बघत स्टँडवर बसायचं. विमानाचंही तसंच असतं. लांबच्या देशाला जाताना मध्ये एका विमानतळावर उतरायचं आणि पुढच्या विमानाची वाट बघायची. या थांब्याला लेओव्हर म्हणतात. तो दोन तासांचा असू शकतो, बारा तासांचाही असू शकतो. बाहेर बसायला खुर्च्या असतात, त्या फुकट. आणि आत एक वेगळी जागा असते. तिथे सोफे, खाणं, चहा-कॉफी, स्वच्छ संडास, काही ठिकाणी अंघोळीची सोय. त्याला लाउंज म्हणतात. महागड्या वर्गाचं तिकीट असलेल्यांना तिथे तसंच सोडतात. काहींना बँकेच्या कार्डावर सोडतात. बाकीच्यांनी माणशी पैसे भरायचे, ठरलेले तास बसायचं.

आता आमची गोष्ट. माझी लेक आणि जावई मँचेस्टरला असतात. लेकीला आठवा महिना होता, बाळंतपणाला म्हणून आम्ही दोघं निघालो. मुंबईहून दोहा साडेतीन-चार तास, दोह्याहून मँचेस्टर सात तासांच्या वर. मध्ये दोह्याला दहा तास थांबायचं होतं. दोन तासांच्या थांब्याचंही तिकीट होतं, पण ते महाग होतं. आमचे हे म्हणाले, "दहा तास काय, बसू की. घरी काय आपण गादीवर बसतो?" मी पण म्हटलं, बसू की. पहाटेपासून वैरणकाडी करणाऱ्या बाईला बसणं काय जड आहे?

मैत्रिणींनो, ते बसणं मला फार जड गेलं.

दोह्याचं हमाद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झालेलं, अफाट मोठं. मधोमध एक पिवळं अस्वल बसवलंय, दोन मजली घराएवढं उंच, डोक्यावर दिवा घेतलेलं. आम्ही त्याच्या जवळपास खुर्च्या धरल्या. दोन पिशव्या, एक बॅग. पिशवीत मेथीचे, डिंकाचे लाडू, लेकीच्या बाळंतपणाचं सामान. यांना मधुमेह आहे. गोळी कधी घ्यायची ते आम्हाला कळेना, कारण दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्या घड्याळाप्रमाणे घ्यायची की त्यांच्या? शेवटी यांनी गोळी घेतली आणि खाल्लं नाही, कारण चहाचा भाव बघून यांची भूकच मेली. दोन चहा आणि एका सँडविचचे आपले दीड हजारांच्या वर झाले. तेवढ्यावर दहा तास काढायचे ठरलं. सहाव्या तासाला यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरली होती. मी पिशवीतला लाडू काढून भरवला, तेव्हा माणूस ताळ्यावर आला. लेकीच्या बाळंतपणाचे लाडू बापाच्या कामी आले.

माझं वेगळंच. हे असे झालेले, सामान समोर, मग मी उठणार कशी? संडास लांब, परत येताना रस्ता चुकला तर? मी काय केलं असेल, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. लग्नाला जाताना, बाजाराला जाताना, शेतावर दिवसभर राहताना आपण बायका जे करतो तेच केलं. पाणीच प्यायले नाही. पाणी प्यायलं नाही की उठावं लागत नाही. दहा तासांत एकदा गेले. पुढे विमानात परत सात तास. मँचेस्टरला उतरले तेव्हा पाय एवढे सुजले होते की चपलेचा पट्टा बसेना. दोन दिवसांनी लघवीला जळजळ, मग ताप. डॉक्टर म्हणाले, लघवीचा संसर्ग आहे. गोळ्या सुरू झाल्या.

आणि आता जे सांगते त्याची मला आजही लाज वाटते. आठ महिन्यांची पोटुशी लेक मला पेज करून देत होती. मी तिचं करायला गेले होते. दहा दिवस तिने माझं केलं. एकदा रात्री ती माझ्या उशाशी बसली होती, एक हात स्वतःच्या पाठीवर ठेवून. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, त्या तिकिटात वाचवलेले पैसे कुणी भरले? ते पैसे कुठे गेले नव्हते. ते या पोरीच्या पाठीवर पडले होते.

पुढे बाळंतपण झालं. सिझेरियन करावं लागलं, पण दोघी सुखरूप. नात साडेचार महिन्यांची झाल्यावर आमची निघायची वेळ आली. लेक दोन्ही मुलांना घेऊन आमच्याबरोबर गावी येणार होती, जावई मागून येणार होते. म्हणजे आम्ही दोघं, लेक, सहा वर्षांचा नातू आणि मांडीवरची नात. चार तिकिटं आणि एक तान्हं बाळ. तिकिटं बघितली तर पुन्हा तेच. दोह्याला दोन तासांचा थांबा असलेलं तिकीट माणशी नऊ हजारांनी महाग. स्वस्त तिकिटाला नऊ तासांचा थांबा, तोही रात्रभर. चार तिकिटांचे मिळून ३६,००० रुपये वाचत होते. ३६,००० म्हणजे काही थोडे पैसे नाहीत. स्वस्त तिकीटच घ्यायचं ठरलं. तेव्हा लेक म्हणाली, "घेऊ. पण या वेळी लाउंज घ्यायचं. त्याचे पैसे या वाचलेल्यातून."

तिने फोनवर भाव काढला. सहा तासांचे मोठ्या माणसाला साडेचार हजार, मुलाला निम्मे, तान्ह्या बाळाचे काही नाही. तीन मोठ्यांचे १३,५००, नातवाचे २,२५०. एकूण १५,७५०. यांनी तर हातच जोडले. म्हणाले, "एवढ्या पैशात माझी ठिबकची दुरुस्ती होईल." आणि मी? मी आपली नेहमीची बाई. मी म्हटलं, "तू आणि मुलं आत जा. आम्ही दोघं बाहेर बसू. आम्हाला सवय आहे."

लेक काही ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, तुला सवय आहे म्हणूनच मागच्या वेळी तू दहा दिवस पडून होतीस. तू बाहेर बसणार असशील तर मीही बाहेरच बसते. मला तरी आत झोप लागेल का?"

मग आम्ही मायलेकींनी कागद घेतला आणि गटात मांडतो तसा हिशोब मांडला. तोच हिशोब आता तुम्हाला सांगते.

लांबच्या थांब्यामुळे वाचले ३६,०००. लाउंजला जाणार १५,७५०. म्हणजे लाउंज घेऊनही २०,२५० हातात राहतात. पुढे बघा. नऊ तास बाहेर बसलो तर चौघांना काहीतरी खायला लागणारच. रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, नातवाचं दूध, दोनदा चहा. जातानाच्या भावाने धरलं तर सात हजार कुठे जात नाहीत. ते लाउंजमध्ये धरलेलेच आहेत. म्हणजे १५,७५० मधून ७,००० वजा करा. नुसत्या विसाव्याचे म्हणून राहतात ८,७५०. पाच जीव, सहा तास. जिवामागे पावणेदोन हजार.

हे ऐकून हे गप्प झाले. पटलं असं म्हणाले नाहीत, पण नको असंही म्हणाले नाहीत. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

मला त्या कागदावरून एक गोष्ट कळली. स्वस्त तिकीट स्वस्त का असतं? कारण थांबण्याची मेहनत आपण करतो. ती मेहनत कोणाच्या अंगावर पडते? ज्याच्या मांडीवर मूल आहे, ज्याच्या पायाशी सामान आहे, जो पाणी न पिता बसतो, त्याच्या. वाचलेले पैसे घराच्या खात्यात जमा होतात आणि झिजलेलं अंग कोणाच्याच खात्यात लिहिलं जात नाही. म्हणून वाचलेल्या पैशातला थोडा वाटा त्या अंगाला परत द्यायचा. ही चैन नाही, देणं फेडणं आहे.

आता लाउंज कसं होतं ते खरं खरं सांगते, कारण उगाच स्वर्ग होता असं सांगितलं तर तुम्ही फसाल. रात्री साडेअकराला आम्ही दोह्यात उतरलो. आत गेलो तर गर्दी. पसरून झोपता येईल अशा खुर्च्या आधीच भरलेल्या. पलंग वगैरे काही नव्हते. जेवण ठीक होतं. भात, डाळीसारखं काहीतरी, पाव, फळं, दही. नातवाने पहिल्या दहा मिनिटांत रस सांडला. यांना चहा आवडला नाही. हे म्हणाले, "यापेक्षा आपल्या स्टँडवरचा बरा." तेही खरं.

पण लेकीला एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून सोफा मिळाला. तिथे तिने शांतपणे बाळाला पाजलं. कोणी बघत नव्हतं, कोणी ये-जा करत नव्हतं. मग तिने गरम पाण्याने अंघोळ केली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा तिने अंघोळीला अर्धा तास घेतला असेल, कारण बाळ माझ्याकडे होतं आणि घाई नव्हती. यांनी वेळेवर जेवून वेळेवर गोळी घेतली. संडास वीस पावलांवर होता. मी दोन बाटल्या पाणी प्यायले. मैत्रिणींनो, पाणी प्यायले हे मी अभिमानाने सांगतेय! आणि नंतर लेक म्हणाली, "आता तू पड, मी जागी आहे." मी सोफ्यावर पाय वर घेतले ते तीन तास उठलेच नाही. मुंबईत उतरले तेव्हा चपलेचा पट्टा नीट बसला. दुसऱ्या दिवशी घरी मी चूल पेटवली आणि लेकीला झोपू दिलं. माझ्या १५,७५० चा हिशोब तिथे पूर्ण झाला.

पण एक गोष्ट लपवणार नाही. लाउंजची वेळ संपल्यावर आम्ही गेटकडे निघालो तर वाटेत एक पाटी दिसली. लेकीने वाचून सांगितलं, "आई, ही विश्रांतीची खोली आहे. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. फुकट." मी आत डोकावले. मंद उजेड, पाठ टेकता येईल अशा लांब खुर्च्या, बायका शांत झोपलेल्या. जाताना आम्ही अशाच एका पाटीसमोरून गेलो असणार. पाटी अरबीत आणि इंग्रजीत, आणि आम्ही कोणाला विचारलं नाही. पिण्याच्या पाण्याचे नळ फुकट होते, मुलांना खेळायच्या जागा फुकट होत्या, झाडांची बाग होती. आम्ही दहा तास त्या अस्वलाकडे बघत बसलो. तेव्हा माझं म्हणणं असं नाही की प्रत्येकीने लाउंज घ्यावं. आम्ही दोघंच असतो तर ती फुकटची खोली आणि एक गरम जेवण एवढं पुरलं असतं. तान्हं बाळ, सहा वर्षांचं पोर, मधुमेहाचा माणूस आणि रात्रीची वेळ, हे सगळं एकत्र आलं म्हणून लाउंज परवडलं. आधी विचारायचं, मग हिशोब करायचा, मग पैसे काढायचे.

आता आपल्या गावांतूनही पोरंपोरी बाहेर जातात. कोणाचा मुलगा आखातात आहे, कोणाची लेक अमेरिकेत. उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल, म्हणून कामाच्या चार गोष्टी सांगते. पेन घ्या.

पहिली गोष्ट तिकीट काढतानाची. थांबा किती तासांचा ते विचारा आणि विमान कंपनी त्या थांब्यात हॉटेल देते का तेही विचारा. काही मोठ्या कंपन्या देतात. एमिरेट्सची दुबई कनेक्ट नावाची अशी सोय आहे. पण त्याला अटी असतात. लवकरचं विमान उपलब्ध असताना आपण स्वस्ताचं म्हणून लांबचं घेतलं तर ती सोय बहुधा मिळत नाही. आणि आधी नोंदवावी लागते, तिथे जाऊन मागता येत नाही. दुसरं, विमानालाच उशीर झाला तर ती गोष्ट वेगळी. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे ठरावीक तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं असतं. तेव्हा लाजायचं नाही, काउंटरवर जाऊन मागायचं.

दुसरी गोष्ट तब्येतीची. गुडघे दुखत असतील, चालवत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, निदान दोन दिवस आधी. व्हीलचेअर ढकलणारा माणूस रस्ताही दाखवतो. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळीची वेळ घड्याळ बदलल्यावर काय करायची, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तासा-दोन तासांनी उठून चाला. खूप वेळ एका जागी बसल्याने पायात रक्ताची गाठ होऊ शकते. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला हा धोका जास्त असतो. आणि पाणी प्या. रिकामी बाटली बरोबर ठेवा, कारण भरलेली बाटली तपासणीत काढून घेतात. दोह्यासारख्या ठिकाणी विमान बदलताना पुन्हा तपासणी होते. बाळाचं दूध आणि बाळाचं खाणं मात्र लागेल तेवढं नेऊ देतात. चपाती, धपाटी, लाडू चालतात. सुकं खोबरं ठेवू नका. त्यात तेल असतं, ते पेट घेणारं म्हणून अडवतात.

तिसरी गोष्ट पैशांची. तुमच्याकडे किंवा मुलाकडे रूपे, व्हिसा असं कार्ड असेल तर बँकेत विचारा, यावर लाउंज मिळतं का. आपल्या देशातल्या विमानतळांवर काही कार्डांवर दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम कापून आत सोडतात. पण त्यालाही अटी आहेत. कार्डावर आधी अमुक एवढा खर्च झालेला असावा लागतो, वर्षातून ठरावीक वेळाच जाता येतं, आणि सहसा एका कार्डावर एकच माणूस जातो. घरातल्या पाच जणांना एका कार्डावर सोडतील या भरवशावर राहू नका. परदेशात कार्ड वापरायचं असेल तर बँकेतून ते परदेशासाठी चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं कार्ड आपोआप परदेशात चालत नाही. आणि पैसे देताना मशीनवर विचारतात, रुपयात कापू की इथल्या चलनात? तिथल्या चलनात म्हणा. रुपयात म्हटलं की बहुधा भाव वाईट लावतात. बँकही वर तीन-साडेतीन टक्के घेऊ शकते, ते हिशोबात धरा.

पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा. किती तास? मुलांचं कितव्या वर्षापर्यंत फुकट? अंघोळीचे वेगळे पैसे का? आमच्या विमानाच्या बाजूलाच आहे का? आणि विमान चुकलं किंवा बदललं तर पैसे परत का? आधी ऑनलाइन नोंदवलं तर पुष्कळदा दारापेक्षा स्वस्त पडतं. दारात गेल्यावर जागा नाही म्हणूनही सांगतात. आणि कोणी मोबाइलवर लिंक पाठवून ॲप उतरवा म्हटलं तर उतरवू नका. लाउंजच्या नावाने बनावट ॲप देऊन लोकांच्या फोनमधले ओटीपी चोरल्याचे प्रकार आपल्या देशात २०२४ मध्ये उघड झाले आहेत.

चौथी गोष्ट झोपेची. पुष्कळ लाउंजमध्ये विमानाची घोषणा करत नाहीत. सगळे झोपू नका. एकाने जागं राहायचं, फोनवर गजर लावायचा. विमान सुटायच्या वीस मिनिटं आधी गेट बंद होतं आणि मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत चालायलाच वीस मिनिटं लागतात. तासभर आधीच उठा.

आता तुमच्यातल्या कितीतरी जणी म्हणत असतील, अक्का, आम्ही कुठं विमानात बसतोय? नका बसू. पण थांबणं तर तुमच्याही नशिबी आहेच ना? सासऱ्यांचं डायलिसिस होईपर्यंत चार तास दवाखान्याच्या पायरीवर तुम्ही बसता. पहाटेच्या गाडीसाठी रात्र स्टँडवर काढता. लेकराला पाजायला जागा नाही म्हणून पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसता. तिथेही हाच हिशोब लागू आहे. आधी फुकटची सोय विचारा. मोठ्या एसटी स्टँडवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष केलेले आहेत. कुलूप असेल तर चावी मागा. ती जागा आपल्यासाठीच आहे. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांवर बायकांचं वेगळं प्रतीक्षालय असतं, आणि तिकीट असेल तर विश्रांतीची खोली तासांच्या हिशोबाने भाड्यानेही मिळते. दोनशे-चारशे रुपये देऊन आजारी सासूला आणि स्वतःला पाठ टेकता आली, तर ते पैसे वाया गेले असं म्हणू नका. दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडणार नाही, त्याचे ते पैसे.

एक शेवटचं. ज्या अक्काने शेळीचं नाव काढलं होतं, ती मागच्या आठवड्यात घरी आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "सुनेला घेऊन पुण्याला मोठ्या दवाखान्यात जायचंय. गाडी पहाटे पोचते, नंबर दहानंतर. मधले पाच तास कुठं काढायचे गं? तिला सातवा महिना आहे." आम्ही दोघींनी कागद घेतला. गाडीची वेळ लिहिली, दवाखान्याजवळची धर्मशाळा लिहिली, तिचं भाडं लिहिलं, सुनेच्या डब्याचं लिहिलं. सगळं लिहून झाल्यावर मी विचारलं, "आणि तू कुठं टेकणार?" अक्का म्हणाली, "माझं काय, मी बसेन दारात."

मी कागद तिच्या हातातून घेतला आणि भाड्यापुढे एकाच्या जागी दोन माणसं असं लिहिलं. तिने खोडलं नाही.

तुमच्या कागदावरही तेवढं लिहा. आता रजा घेते. नमस्कार.